फाट्यावरची वार

दसरा होऊन चार दिवस झाले होते. दिवेलागणीच्या वेळी रतनबाईची चांदी म्हैस व्याली. वगार झाली, काळीभोर, कपाळावर आईसारखाच रुपयाएवढा पांढरा ठिपका. सून शिवकन्या म्हणाली, आत्याबाईंनी सांगून घडवून घेतल्यासारखी हाय. रतनबाईनं मान हलवली, हसली मात्र नाही. म्हशीच्या मागं पोतं अंथरून ती बसून राहिली. म्हैस व्याली म्हणजे काम संपलं, असं तिच्या हिशेबी नव्हतंच. वार पडत नाही तोवर बाळंतपण अर्धंच.

पोटात असताना वासराला पोसणारी पिशवी, ती वार. ती पडली की म्हैस वळून स्वतःच खायला बघते, आणि म्हशीनं नाही खाल्ली तर कुत्रं ओढून नेतं. दोन्ही वाईट. मेंढकेवस्तीवरच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या एकच करत आल्या. वार उचलायची, पोत्यात बांधायची आणि वडाला नाहीतर उंबराला उंच टांगायची. ज्या झाडाची फांदी मोडली की चीक गळतो, असंच झाड लागतं. झाडाला जसा चीक, तसा म्हशीला पान्हा. नेणाऱ्यानं वाटेत कुणाशी बोलायचं नाही, हाक आली तरी ओ द्यायची नाही, आणि टांगल्यावर मागं वळून बघायचं नाही.

आताच्या पोरीसोरी याला हसतात. रतनबाई त्यांना काही म्हणत नसे. बहात्तरच्या दुष्काळात तिच्या सासूची भुरी म्हैस व्याली, तेव्हा घरातली सगळी माणसं खडी फोडायच्या कामावर होती. वार पडली आणि कुत्र्यानं नेली. चौथ्या दिवशी भुरीनं पान्हा चोरला, तो पुन्हा सोडलाच नाही. गावात काडीची वैरण नव्हती, तर दूध कुठून येणार, हे रतनबाईला पुढं वय वाढल्यावर कळलं. पण तेव्हा तिच्या मांडीवर दहा महिन्यांची मोहिनी होती. तिला रेशनवरच्या तांबड्या ज्वारीचं, मिलोचं पीठ पाण्यात कालवून पाजावं लागलं, आणि पाऊस पडायच्या आत ती गेली. कळणं एकीकडं राहिलं आणि मोहिनी एकीकडं.

चांदीच्या दुधावर या वर्षी आणखी एक गोष्ट टांगलेली होती. मुलगा बजरंग आणि शिवकन्या दर साली दसरा झाला की ऊसतोडीला जात. लेकरं म्हातारीपाशी राहत, आणि निम्म्या साली शाळा सोडून तीही कोयत्यामागं जात. या वर्षी दोघांनी मुकादमाला अजून शब्द दिला नव्हता. चांदीनं दूध धरलं तर जायचं नाही, असं नवरा-बायकोत ठरलं होतं. रतनबाईला कुणी सांगितलं नव्हतं, पण भिंती पातळ होत्या.

वार पहाटे पडली. रतनबाईनं हातानं उचलली, मूठभर मीठ टाकलं. आता पोतं हवं होतं. जुन्या काळी तागाची पोती ढिगानं पडलेली असत. आता घरात एक नव्हतं. शिवकन्यानं युरियाची रिकामी गोणी आणली. दोरीचंही तसंच. गोठ्याच्या खुंटीला लाल-पिवळ्या वायरचं भेंडोळं होतं, तेच रतनबाईनं काढून दिलं. पलीकडं गहिनीनाथच्या रानात विहिरीचं काम चाललं होतं, तिथं सुरुंगाचा बार उडाला की ही बारीक वायर कडेला पडे. वस्तीवरच्या बायका ती गोळा करून आणत. कुंपणाचं दार बांधायला, दोडक्याचा वेल चढवायला तिच्यासारखं दुसरं काही नव्हतं. फुकटची आणि कधी न कुजणारी.

"तळ्यावरच्या वडाला टांग," तिनं बजरंगला बजावलं. "आन् तोंडातून शबूद काढू नको."

बजरंगनं वासानं नाकातोंडाला टॉवेल गुंडाळला, गोणी खांद्यावर टाकली आणि निघाला. टांगून तसंच साडेसहाच्या एसटीनं त्याला बीडला जायचं होतं. वस्तीचं गायरान कुठल्याशा सोलरच्या कामाला चाललं होतं, त्याविरुद्धचा अर्ज द्यायचा होता. रतनबाई चुलीपाशी जरा कलंडली.

तिला जाग आली ती भोंग्याच्या आवाजानं. नेकनूरहून पोलिसांची गाडी आली होती. गाडीतून सांगत होते की फाट्याजवळच्या घरांनी ताबडतोब बाहेर पडावं, गॅस बंद करावा, आणि सगळ्यांनी शाळेच्या वऱ्हांड्यात जाऊन बसावं. फाट्यावरच्या वडाला बॉम्ब बांधलाय.

रतनबाईच्या घरापासून तो वड शंभर पावलांवर. त्याच वडाखाली दहा वाजता मोहनरावांची सभा होती. मोहनराव म्हणजे आसपासच्या बारा गावांतलं मोठं प्रस्थ, या वेळी जिल्हा परिषदेला उभं राहणार होते. पहाटेच त्यांचा माणूस उत्तरेश्वर मांडव घालायला आलेला. त्यानं पोलिसांना सांगितलं ते तासाभरात सगळ्या वस्तीला तोंडपाठ झालं. अजून नीट उजाडलं नव्हतं. एक माणूस आला, तोंड बांधलेला. आपण तीनदा विचारलं, कोण हाय, काय बांधतोय. त्यानं उत्तर दिलं नाही. वडावर चढला, स्टेजच्या बरोब्बर वर येणाऱ्या फांदीला गोणी बांधली, उतरला आणि एकदाही मागं न बघता निघून गेला.

बंदोबस्तावरच्या हवालदारानं रतनबाईला गोठ्याकडं वळू दिलं नाही. हवालदार आश्रुबा जवळच्याच गावचा, तोंडओळखीचा होता. जनावराला काही होत नाही, मावशी, तुमी चला, म्हणाला. चांदी आणि एका रात्रीची वगार गोठ्यातच राहिली. वगार लांब बांधलेली होती, कारण तिनं सारखं थान ओढू नये म्हणून शिवकन्यानंच तिला पहाटे पाजून पलीकडच्या खुंट्याला बांधलं होतं. आता पुढचं पाजणं कधी, ते पोलिसांच्या हातात.

शाळेच्या वऱ्हांड्यातून वड समोर दिसत होता. एवढ्या लांबून गोणी म्हणजे पानांत एक पांढुरका ठिपका. रतनबाईला मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर लांबचं चांगलं दिसे, पण ठिपका तो ठिपकाच. तिच्या मनातही आलं नाही. बजरंग तळ्यावर गेला होता. तळं उलट्या दिशेला. आणि वडाला बॉम्ब बांधला म्हटल्यावर माणूस बॉम्बचाच विचार करतो.

वऱ्हांड्यात एक जत्राच भरली होती. कुणी म्हणे गोणीत घड्याळ आहे. कुणी म्हणे घड्याळ नाही, मोबाईल आहे, रिंग वाजली की उडणार. बंकट नावाचा एक रिकामटेकडा गडी पोलिसांच्या आधी वडाखाली जाऊन आलेला. तो शपथेवर सांगत होता की आतून मशीन चालल्यासारखा गुणगुण आवाज येतो. एक म्हातारा म्हणाला, तुझ्या कानातच मशीन हाय बे. लोक हसले, पण सरकून भिंतीला टेकले. रतनबाईला रझाकाराच्या वेळच्या गोष्टी आठवल्या. तिच्या आईनं सांगितलेल्या. तेव्हाही वस्ती अशीच उठून डोंगरात गेली होती, भाकरीची थप्पी फडक्यात बांधून. आता भाकरी बांधायचं कुणाला सुचलं नव्हतं. सगळ्यांच्या हातात फोन होते.

शिवकन्या बजरंगला फोन लावत होती. लागत नव्हता. त्या फोनची बॅटरी एसटी मांजरसुंब्याला पोचेपर्यंत मरते, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

नऊच्या सुमाराला पोलिसांनी एका माणसाला धरून आणलं. लखन त्याचं नाव. आष्टीकडचा, गहिनीनाथच्या विहिरीवर सुरुंग लावणारा. दीड महिना रानातल्या पत्र्याच्या शेडात एकटा राहत होता. उंच, हडकुळा, गळ्यात कायम टॉवेल. धुळीमुळं तो तोंड बांधूनच काम करायचा. रतनबाईला तो माहीत होता तो आवाजानं. बार लावला की लाल फडकं घेऊन बांधावर उभा राहायचा आणि तीनदा ओरडायचा, बार हाय, बार हाय, बार हाय. असं लांबून, गाणं म्हटल्यासारखं, की शेळ्यासुद्धा माना वर करायच्या.

त्याला गाडीजवळ जमिनीवर बसवलं. फौजदार म्हणजे एक तरुण बाई होत्या, ठाणे जिल्ह्याकडच्या. त्यांचा आवाज वऱ्हांड्यापर्यंत येत होता. गोणी बांधलेली वायर सुरुंगाची आहे. लाल-पिवळी. तीच वायर तुझ्या शेडात मिळाली. युरिया मिळाला. टॉवेल तुझ्या गळ्यात आहे. आता बोल.

लखन हात जोडून सांगत होता की वायर तर सगळ्या शिवारात पडलेली असते. बीडहून गुन्हे शाखेची गाडी येतेय, ती तुला घेऊन जाईल, तिथं बोल, असं त्याला सांगण्यात आलं.

लाल-पिवळी हे शब्द ऐकले आणि रतनबाईच्या डोळ्यांपुढं गोठ्याची खुंटी आली. युरिया म्हणताच शिवकन्यानं आणलेली गोणीही आली. तिनं स्वतःला समजावलं. बजरंग तळ्यावर गेलाय. आपलं पोरगं सांगितल्या कामाचं पक्कं आहे. मग तिला आठवलं की तळं म्हणजे जाऊन-येऊन पाऊण तास, आणि एसटी साडेसहाची. पक्कं असलं तरी पोरगं बापासारखं घाईचंही होतं.

तेवढ्यात बीडहून बॉम्बशोधक पथक आलं. निळी गाडी, हेल्मेटं, पेट्या, आणि एक कुत्री. तपकिरी, लांब कानांची. तिला हाताळणारा पोलीस तिला दोरीनं धरून हळूहळू वडाखाली घेऊन गेला. वऱ्हांड्यातला गलबला आपोआप थांबला. सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलेलं होतं की कुत्र्याला बॉम्बचा वास आला की ते गप्प बसतं.

कुत्री बसली नाही. तिनं नाक वर केलं, फांदीकडं बघितलं आणि मागच्या दोन पायांवर उभी राहिली. पोलिसानं दोरी ओढली. ती खाली आली, पुन्हा उभी राहिली. शेपूट हलत होती. जिभेनं ओठ चाटत होती, एकदा इकडून, एकदा तिकडून. पोलीस गोंधळला आणि साहेबांकडं बघायला लागला.

वस्तीवर कुत्र्याचं मन रतनबाईइतकं दुसऱ्या कुणाला कळत नसेल. पन्नास वर्षं तिनं मेंढरांमागं कुत्री बाळगली. लांडगा आलेला असताना कुत्र्याचे कान कसे होतात, अनोळखी माणूस आला की शेपटी कशी, हे तिला विचारावं. आणि ओठ चाटणारं कुत्रं तिनं कालच रात्री पाच वेळा गोठ्याच्या दारातून काठीनं हाकललं होतं. तशीच मान, तसाच तो अर्धवट उघडा जबडा.

ती खांबाला धरून उभी राहिली.

"शिवकन्या," ती हळूच म्हणाली, "ती आपली वार हाय."

 शिवकन्याला समजायला वेळ लागला नाही. तिनं सासूचा हात धरून तिला खाली बसवलं, अगदी कानाशी तोंड नेलं. महिन्यामागच्या ग्रामसभेत गायरानावरून बजरंगची आणि मोहनरावांची बाचाबाची झाली होती. सगळ्या गावादेखत तो मोहनरावांना म्हणाला होता, बघून घेतो तुमाला. आता त्यांच्या डोक्यावरच्या फांदीला त्यानंच गोणी बांधली, तोंड बांधून, हे एकदा कागदावर चढलं की पुढं कोण ऐकणार होतं वार होती का काय होती.

"आत्याबाई, गप ऱ्हावा," ती म्हणाली. "ते फोडणार हायेत ती. फुटली की कुनाची हुती, कुनाला कळतंय."

समोर पथकाचे लोक खरंच एक नळी तिकाटण्यावर चढवत होते. बंकटनं माहिती पुरवली की पाण्याचा जोरात मारा करून गोणी जागच्या जागी फोडतात. बॉम्ब असला तरी त्याच्या वायरी तुटतात. रतनबाईला गोणी फुटलेली दिसली. वार चिंधड्या होऊन वडाखाली पडलेली, कावळे उतरलेले, गावभरची कुत्री. तिला भुरी दिसली, दावणीला कोरडी उभी. ते डोळ्यांपुढून जात नाही तोवर गाडीजवळ बसलेला लखन दिसला. एक पोलीस त्याच्या मनगटाला बेडी लावत होता, आणि तो आपलं मनगट नीट पुढं करत होता, डॉक्टरला दाखवावं तसं.

ती वायर खुंटीवरून तिनं स्वतः काढून दिली होती.

"गप ऱ्हायलं तर वार बी जाती आन् त्यो बी जातो," ती सुनेला म्हणाली. "बजरंगला म्या धाडलंय. त्याचं माज्यावर."

शिवकन्यानं पदर तोंडाला लावला, पण हात सोडला.

रतनबाई काठी टेकत पोलिसांनी आडव्या बांधलेल्या दोरीपर्यंत गेली. आश्रुबानं हात आडवा धरला. तिनं फौजदार बाईंना हाक मारली, लांबून, मेंढरांना मारतात तशी. बाई वळल्या.

"मॅडमबाई, ती फोडू नगा. ती वार हाय."

"वार?" बाई झटकन पुढं आल्या. "कुणावर वार करणार होते? तुम्हाला कुणी सांगितलं?"

रतनबाईला प्रश्नच कळला नाही. आश्रुबाच्या चेहऱ्यावर मात्र हळूहळू उजेड पडायला लागला. त्यानं कुत्रीकडं बघितलं, गोणीकडं बघितलं आणि टोपी काढून डोकं खाजवलं. मग खाकरून, घशातलं हसू गिळत, त्यानं आपल्या साहेबांना बाजूला घेऊन सांगितलं. रतनबाईनं मागून भर घातली. चांदी कधी व्याली, वार किती वाजता पडली, गोणी कुणी दिली, वायर कुठून आली. टांगायला आपला मुलगा बजरंग गेला, हे नाव तिनं मधेच दडवलं नाही, मोठ्यानं सांगितलं. उत्तरेश्वरानं हाक मारली तर त्यानं ओ का दिली नाही, तेही.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा कठोर नव्हता. झोप न झालेल्या माणसाचा होता. त्या म्हणाल्या, "आजी, तुम्ही म्हणता ते खरं असेल. पण उघडून बघितल्याशिवाय मी ते लिहू कशी? उद्या काही झालं तर?"

वार एकदा टांगली की खाली काढायची नसते. उघडायची तर मुळीच नसते. रतनबाईच्या साठ वर्षांच्या संसारात टांगलेली वार कुणी उघडल्याचं तिनं ऐकलं नव्हतं.  तरी ती म्हणाली, "उघडा. पर फोडू नगा. दोरानं खाली घ्या आन् मग उघडा. म्या हितं उभी ऱ्हाते. काय झालं तर पहिलं मला हुईल."

आजी, तुम्हाला तिथं उभं करता येणार नाही, असं बाई म्हणाल्या. पण त्यांनी पथकाच्या साहेबांशी बराच वेळ बोलून नळी बाजूला ठेवायला लावली.

पुढचा तास सगळं शिवार वडाकडं डोळे लावून होतं. जाड कपड्यांत गुंडाळलेला एक माणूस शिडी घेऊन वडाखाली गेला. लोखंडी आकडा फांदीला अडकवला, दोर गोणीला बांधला, वायर कापली आणि लांब येऊन आडवा पडला. मग दोन माणसांनी दोर ढिला सोडत गोणी इंच-इंच खाली आणली. रतनबाईचे हात आपोआप पुढं झाले होते, विहिरीतून भरली घागर वर येताना होतात तसे. गोणी टेकली, फुटली नाही. तो जाड कपड्यांतला माणूस पुन्हा गेला, गुडघे टेकले, आणि लांब चिमट्यानं तोंड सोडलं. आतून माश्यांचा काळा लोट उठला. माणूस मागं सरकला, हेल्मेट काढलं आणि शेजारच्या शेतात जाऊन ओकला.

बंकटच्या मशीनचा उलगडा झाला. वऱ्हांड्यात असा काही हशा पिकला की फौजदार बाईंनाही तोंड फिरवावं लागलं. रतनबाई हसली नाही. दहा मिनिटं तिला कुणी गोणीजवळ जाऊ दिलं नाही, आणि ती दहा मिनिटं गोणीचं तोंड उघडंच होतं.

पंचनामा शाळेच्या टेबलावर लिहिला. आश्रुबा लिहीत होता, बाई सांगत होत्या. दिनांक झाला. वेळ झाली. आश्रुबानं पेन थांबवलं.

"वार?"

"म्हशीची," रतनबाईनं सांगितलं.

मग टेबलाभोवतालचं कुणी बराच वेळ काही लिहू शकलं नाही.

मोहनराव स्वतः साडेबाराला आले. पांढरी गाडी, पांढरे कपडे. त्यांना सगळं सांगितल्यावर ते आधी हसले, मग बजरंगचं नाव ऐकल्यावर हसायचे थांबले. मुद्दाम केलंय, माझ्या सभेत घाण टाकायला, असं त्यांचं म्हणणं पडलं. तक्रार घ्या म्हणाले. फौजदार बाईंनी तक्रार घेते म्हणून सांगितलं, फक्त कलम कोणतं लावू, ते तुम्ही सांगा. झाडाला वार टांगणं मला तरी पुस्तकात सापडत नाही.  मोहनरावांच्या मागं त्यांच्याच पार्टीच्या दोन म्हाताऱ्या आपसांत बोलत होत्या की वडाला नाही टांगायची तर काय पंचायतीच्या नळाला टांगायची. ते ऐकून घेऊन मोहनराव गाडीत बसले. सभा पुढच्या गावी झाली.

लखनची बेडी काढली. मनगट चोळत तो रतनबाईसमोर आला. तिला वाटलं, चिडून काहीतरी बोलेल, आणि बोलला असता तर तिनं ऐकून घेतलं असतं. तिनंच आधी सांगितलं की वायर माझ्या खुंटीची होती बाबा, बेडी तुझ्या हातात पडली.

"काई न्हाई मावशी," तो म्हणाला. "माजी वायर तुमी उचलली, माजं नाव तुमी सोडिवलं. आता हिचं काय करायचं, सांगा."

 उघडलेली वार पुन्हा टांगायची का, याला कुठल्याच म्हातारीनं सांगून ठेवलेलं उत्तर नव्हतं. कुत्री लांबून बसून बघत होती, पोलिसांचीही आणि वस्तीचीही. शेवटी रतनबाई म्हणाली, पुरू या, पण कुणाला उकरता येणार नाही इतकं खोल. लखन शेडातून पहार घेऊन आला. वडाच्या सावलीबाहेर, मुरमाड जमिनीत त्यानं कंबरेइतका खड्डा खणला. विहिरी पाडणाऱ्या माणसाचा खड्डा तो, कडा ओळंब्यात. रतनबाईनं गोणीचं तोंड आवळून बांधलं, या वेळी आपल्या लुगड्याची किनार फाडून, आणि हातानं आत ठेवली. वर लखननं तीन मोठे धोंडे रचले आणि माती लोटली. म्हणाला, माज्या खड्ड्यातलं कुत्र्याला काय, सरकारला बी निघायचं न्हाई.

पोलीस गेले तेव्हा दोन वाजून गेले होते. गोठ्यात चांदी ओरडत होती. पहाटेपासून तिला कुणी पिळलं नव्हतं आणि वगारही लांब. कास दगडासारखी टणक झाली होती. शिवकन्यानं वगार सोडली. ती धडपडत आली, डोक्यानं ढुशा दिल्या, तोंडात थान धरलं आणि सोडून दिलं. पुन्हा धरलं, पुन्हा सोडलं.

"पान्हा चोरतीया," शिवकन्या म्हणाली. तिच्या आवाजात बॉम्बच्या वेळचीही भीती नव्हती एवढी भीती होती.

 रतनबाईनं कोमट पाण्यात फडकं भिजवून कास शेकली. चांदीच्या पाठीला खांदा लावून ती उभी राहिली आणि मेंढरं वाड्यात घेताना करायची तसा घशातल्या घशात आवाज काढत राहिली. किती वेळ गेला कुणाला माहीत. भुरीच्या वेळी असं कुणी उभं राहिलं होतं का, ते तिनं आठवायचा प्रयत्न केला. राहिलं नव्हतं. सगळी खडी फोडायला गेलेली होती, तीसुद्धा.

चांदीनं एक पाय हलवला. वगारीच्या तोंडाच्या कडेनं घट्ट पिवळा चीक ओघळला, मग ती थांबलीच नाही. शिवकन्या कासंडी घेऊन धावली.

बजरंग पाचच्या एसटीनं आला. फाट्यावर अर्धा मोडलेला मांडव, चहाच्या कपांचा खच आणि वडाच्या पलीकडं नव्या मातीचा ढीग बघून त्यानं दारातूनच विचारलं की आज मोहनरावांची सभा लई मोठी झाली का काय. अर्ज दिला होता, पोच घेतली होती, त्याबद्दल तो सांगत राहिला. शिवकन्यानं त्याच्याकडं बघून एकदम रडायलाच सुरुवात केली, आणि तो घाबरून आईकडं बघायला लागला.

"वार कुटं टांगली?" रतनबाईनं विचारलं.

तो खाली बघायला लागला. एसटी चुकंल म्हणून फाट्यावरच, म्हणाला. "पर आई, कुनाशी बोललो न्हाई. यक जन लई हाका मारत हुता, म्या वळून बी बघितलं न्हाई."

"त्ये खरं," रतनबाई म्हणाली. "त्ये लई चांगलं केलं."

नव्या व्यालेल्या म्हशीचा चीक पाच दिवस घराबाहेर द्यायचा नाही, अशी रीत. तिनं एका तांब्यात चीक ओतला, वर फडकं बांधलं आणि बजरंगच्या हातात दिला. लखनच्या शेडावर नेऊन दे म्हणाली, खरवस कसा लावायचा ते त्याला येत नसेल तर तूच लावून दे, आणि तिथं बसून सगळं त्याच्या तोंडून ऐक.

"आन् आता जाताना," ती म्हणाली, "वाटंत जो भेटंल त्याच्याशी बोल."